चौथीच्या वर्गातलं पिंप

शाळेतल्या गांडूळखताच्या प्रयोगावर दिवाळी अंकासाठी लिहा, असा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो असा, की यांना माझं नाव कोणी दिलं? मी तसं विचारलंही. फोनवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमचा मुलांबरोबर पिंपाजवळचा फोटो पाहिला. छान हसताय त्यात. तसंच काहीतरी आनंदाचं लिहा." तो फोटो कोणाकडून मिळाला, हेही मी विचारलं. ती हसली. मी हसले नाही. फोटो काढला तेव्हा पिंपातली गांडुळं जिवंत होती, एवढं मात्र मी तिला सांगितलं.

माझा स्वभाव मुळातच असा होता की नोकरीनं तसा केला, हे मला आता सांगता येणार नाही. एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत काढली. त्यातली शेवटची नऊ वर्षं वडीगोद्रीच्या अलीकडे एका फाट्यावरून आत गेल्यावर जे गाव लागतं तिथं. दोन शिक्षकांची शाळा. मी तिसरी-चौथीला शिकवायचे आणि मुख्याध्यापकही मीच होते. बाहेरच्या माणसाला वाटतं, शिक्षकाचं काम शिकवण्याचं. त्यातलं निम्मं काम खरं-खोटं ओळखण्याचं असतं. पोट दुखतंय म्हणणाऱ्या पोराला कुठं दुखतंय ते विचारायचं आणि पाच मिनिटांनी पुन्हा विचारायचं. तेवढ्यात दुखणं डावीकडून उजवीकडे गेलेलं असतं. गृहपाठातलं अक्षर कोणाच्या आईचं आणि कोणाच्या ताईचं, हे वहीवर नाव न बघता सांगता आलं पाहिजे. खडू मी मोजून ठेवायचे. फडकी मोजून ठेवायचे. पोरं मला मागं 'पोलीस मॅडम' म्हणायची, हे मला माहीत होतं. कोण कोण म्हणायचं, तेही माहीत होतं.

पिंप आलं ते तालुक्याच्या एका प्रशिक्षणातून. प्रत्येक शाळेनं पर्यावरणाचा एक उपक्रम करावा, त्याचे फोटो पाठवावेत, असं तिथं सांगितलं. मला वाटलं, आणखी एक फाईल. बाकीच्या शाळांनी कुंडीत झाड लावलं, फोटो काढला आणि विषय मिटवला. मी गांडुळं निवडली, कारण झाड मेलं तर ते 'उन्हानं मेलं' असं कोणीही सांगतं. गांडुळांच्या बाबतीत थापा मारता येणार नाहीत, असं मला वाटलं होतं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. निळं प्लॅस्टिकचं पिंप घ्यायचं, ते आडवं कापून त्याचा अर्धा भाग वापरायचा. बुडाला भोकं पाडायची, विटांवर ठेवायचं, खाली पाणी गळायला ताट. आत आधी नारळाच्या शेंड्या आणि वाळका पाला, त्यावर जुनं झालेलं, गार शेण. ताजं शेण घालायचं नाही, ते तापतं आणि गांडुळं पोळतात. मग गांडुळं सोडायची. ही आपल्या शेतातली जाडजूड नव्हेत. ही बारीक आणि तांबडी असतात, वरच्या थरात राहतात आणि सतत खातात. वरून भाजीची सालं, चहाचा चोथा, केळीची सालं बारीक करून टाकायची. मीठ, तेल, मिरची, लिंबू काही चालत नाही. वर ओलं गोणपाट झाकायचं. एवढं केलं की दीड-दोन महिन्यांत चहाच्या पत्तीसारखं काळं, भुरभुरीत खत तयार होतं आणि त्याला अजिबात वास येत नाही. वास आला की समजायचं काहीतरी बिघडलं.

वर्गात ठेवायचं कारण एवढंच की बाहेर ठेवलं असतं तर कोंबड्यांनी दोन दिवसांत फस्त केलं असतं. खिडकीखाली, भारताच्या नकाशाच्या बाजूला मी ते ठेवलं. पाणी शिंपडायला रोज दोन पोरांची पाळी. एकावर माझा भरवसा नव्हता म्हणून दोन.

आणि मग मला ती गांडुळं आवडायला लागली. हे मी कुणाजवळ बोलले नाही, पण मधल्या सुट्टीत मी गोणपाट उचलून बघत बसायचे. त्यांना भूक लागली की ती वर येतात. एखादी गोष्ट आवडली नाही की सरळ बाजूला होतात. दिवसभर पोरांचे, पालकांचे आणि साहेब लोकांचे चेहरे वाचून डोकं उठायचं, तिथं या पिंपाजवळ मला बरं वाटायचं.

गावाला मात्र पिंपाचा संशय होता. एका आजोबांचं म्हणणं, गांडुळं आली की त्यांच्या मागं साप येणार. ते दर बाजाराच्या दिवशी येऊन खिडकीतून पिंपाखाली डोकावून जायचे. शाळा तपासायला आलेल्या एका साहेबांनी हात पाठीमागे बांधून विचारलं, "ही चावतात का?" ते खरंच विचारताहेत की माझी परीक्षा घेताहेत, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी त्यांच्या हातावर एक ठेवलं. तपासणी तिथंच आटोपली.

आता कमलबद्दल सांगायला हवं. कमल आमच्या शाळेत पोषण आहार शिजवायची. चाळिशीची, कामाला चोख, बोलायला कमी. तिची चूल असलेलं शेड माझ्या वर्गाच्या भिंतीला लागूनच. तिची नेमणूक दरवर्षी शाळेच्या समितीनं करायची असते, म्हणजे समितीच्या मनात आलं की माणूस घरी. भाज्यांची सालं पाटीत घेऊन रोज तीच वर्गात यायची आणि पिंपाशेजारी ठेवून जायची. तिला ते पिंप आवडत नव्हतं. तिनं ते मला स्पष्ट सांगितलं होतं.

"मॅडम, हे पिंप तिकडल्या वर्गात न्या ना," ती एकदा म्हणाली. "बाया मला नळावर इचारून राह्यल्या, खिचडीत गांडूळ पडलं तर कळतं का म्हणून."

"तिकडं पहिलीची पोरं आहेत कमल, तोंडात घालतील."

"मंग भिंतीला तरी नका ठेवू."

"बायांना काय, काहीही बोलतात. तू लक्ष देऊ नको."

ती गेली. मी मात्र मनात नोंद करून ठेवली, की हिला पिंप डोळ्यात सलतंय.

आणखी एक गोष्ट सांगते, जी आनंदाच्या लेखात बसणार नाही. कमल बौद्ध वस्तीतली. ती कामाला लागली त्या वर्षी गावातल्या चार घरांनी पोरांना घरून डबे द्यायला सुरुवात केली. विचारलं तर सगळ्यांचं एकच उत्तर, पोराला खिचडी सोसत न्हाई. चार घरांतल्या सहा पोरांना एकाच आठवड्यात खिचडी सोसेना, हे न समजायला मी काही कालची नव्हते. खोटं मला लगेच कळतं. पण मी कोणाला एका शब्दानं बोलले नाही. मी शेतकरी घरातली, त्या घरांशी माझं उठणं-बसणं. मीही डबा घरून आणायचे. तो सवयीमुळे, असं मी स्वतःला सांगायचे, आणि एवढ्या एका बाबतीत मी उलटतपासणी घेतली नाही.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सकाळी वर्ग उघडला तर वास आला. पोरांच्या आधी मी गोणपाट उचललं. गांडुळं पिंपाच्या कडांवर चढलेली होती, काही बाहेर पडून फरशीवर वाळलेली, आणि आत बोट घातलं तर चिकट, फिकट, मऊ झालेला गोळा हाताला लागला. तिसरीतली श्रावणी नावाची पोरगी माझ्यामागं उभी होती. तिची शनिवारी पाण्याची पाळी होती. "मॅडम, म्या जास्त पाणी न्हाई टाकलं," असं म्हणत ती रडायला लागली. मला स्वतःलाच रडू येत होतं, त्यामुळे मी तिच्यावर ओरडले.

मग मी तपास सुरू केला. पाणी जास्त झालं का? ताटात फारसं पाणी नव्हतं. ऊन लागलं का? फेब्रुवारीत ती भिंत सावलीत असते. मुंग्या? एकही नाही. काठीनं थर उलटापालटा केला तेव्हा एका कोपऱ्यात कैरीच्या लोणच्याची फोड सापडली. मीठ, तेल, मिरची, सगळं एकाच फोडीत. मला एवढंच हवं होतं. मी ती फोड कागदावर घेऊन कमलच्या शेडमध्ये गेले.

"हे पिंपात कुठून आलं?"

तिनं फोड पाहिली. "मॅडम, आपल्या आहारात लोणचं हायच कुठं? म्या फक्त सालं आणते."

हे उत्तर बरोबर होतं. लोणचं शाळेत यायचं ते फक्त डब्यांतून, आणि डबे आणायची ती सहा पोरं. हे मला त्याच क्षणी सुचलं होतं. पण त्या सहा पोरांतला एक समितीच्या अध्यक्षांचा नातू होता, आणि पिंपाचा राग फक्त कमलला होता. एका फोडीनं सगळं पिंप मरत नाही, हेही मला ठाऊक होतं. मी म्हटलं, फोड म्हणजे नमुना, हिनं मिठाचं पाणीच ओतलं असणार. संशयी माणसाला एकदा धागा मिळाला की तो पुढचं कापड स्वतःच विणतो.

समितीची बैठक झाली ती आठवड्याभरात. अध्यक्ष भानुदासराव, मोठे शेतकरी, बोलायला गोड. मी सचिव, म्हणजे वृत्तांत लिहिणारी. मी फक्त घडलं ते सांगितलं, असं मला तेव्हा वाटत होतं. पिंप, वास, फोड, कमलचं आधीचं बोलणं. मी तिला काढा असं म्हटलं नाही. म्हणायची गरजच पडली नाही.

भानुदासराव म्हणाले, "मॅडम, ही साधी गोष्ट न्हाई. आज पिंपात टाकलं, उद्या पातेल्यात टाकलं तर? लेकरांच्या जिवाचा सवाल हाय."

बाकीच्यांनी माना हलवल्या. इतकी वर्षं जे कोणालाच उघड बोलता येत नव्हतं, त्याला माझ्या गांडुळांनी एक चांगलं, कागदावर लिहिता येईल असं कारण मिळवून दिलं होतं. हे मला दिसत होतं. मी लिहीत राहिले.

कमल दाराशी उभी होती. तिला आत बसायला कोणी सांगितलं नाही, मीही नाही. ती म्हणाली, "म्या काहीच टाकलं न्हाई."

"मंग कोनी टाकलं?" भानुदासरावांनी विचारलं.

ती बोलली नाही. दोषी माणूस असाच गप्प होतो, असं मी शिकलेले होते. 'मुलांच्या आरोग्याच्या दृष्टीने' असे शब्द वापरून मी ठराव लिहिला. अक्षर माझं चांगलं आहे. दुसऱ्या आठवड्यात भानुदासरावांच्या भावकीतल्या एक बाई खिचडी शिजवायला आल्या, आणि पंधरा दिवसांत त्या सहाही पोरांचे डबे बंद झाले. खिचडी सोसायला लागली.

पिंप मी धुऊन पुन्हा भरलं. नवीन गांडुळं आणली. यावेळी पिंपावर लाकडी झाकण बसवून त्याला कुलूप लावलं.

इथं मी एक गोष्ट मागं ठेवली होती, ती आता सांगते. शाळांमधून वर्षातून दोनदा जंतांची गोळी देतात. पांढरी, गोडसर, चावून खायची. एक फेब्रुवारीत, एक ऑगस्टमध्ये. प्रत्येक पोरानं आपल्यासमोर गोळी खाल्ली पाहिजे आणि तसा अहवाल नर्सबाईंना द्यायचा. पोरं ती गोळी गालात धरतात आणि पाठ वळली की थुंकतात. मी तर प्रत्येकाला 'आ' करायला लावायचे, जीभ उचलून बघायचे. तरी त्या फेब्रुवारीत, पोरं घरी गेल्यावर मला खिडकीच्या गजांमागं, नकाशाच्या मागं, चटईखाली अर्धवट चघळलेल्या अकरा गोळ्या सापडल्या. मी अहवालात सगळ्यांनी खाल्ल्या असं लिहून सही करून बसले होते. पोलीस मॅडमच्या वर्गात अकरा पोरांनी फसवलं, हे मला लिहवेना. कचऱ्यात टाकल्या तर कोणीतरी फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकेल, ही भीती. म्हणून मी त्या गोळ्या टेबलावर घेऊन डस्टरच्या लाकडी पाठीनं कुटल्या, आणि तो चुरा पिंपात, मधल्या थरात पुरला. मातीत गेलं की सगळं माती होतं, असं मीच पोरांना शिकवत होते. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. इतकं वाटलं नाही की नंतर पिंपाचा तपास करताना ते मला आठवलंदेखील नाही.

आठवलं ते ऑगस्टमध्ये. नर्सबाई गोळ्या घेऊन आल्या होत्या. श्रावणीनं हात वर केला.

"नर्सबाई, ह्या गोळीनं पोटातले जंत मरतात, मंग गांडूळ बी मरंल का?"

नर्सबाई हसत म्हणाल्या, "मरंल की. गांडुळाला कशाला द्यायची पण?"

सगळी पोरं हसली. मी हातातली गोळ्यांची बाटली टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसले. नर्सबाईंनी विचारलं, मॅडम, चक्कर आली का? मी म्हटलं, उकडतंय.

पण मी पुराव्याशिवाय कोणावर विश्वास ठेवत नाही, आणि तो नियम मी स्वतःलाही लावला. जालन्याला घरी आल्यावर दोन काचेच्या बरण्या घेतल्या. दोन्हींत तेच खत, तीच पिंपातली गांडुळं, मोजून दहा-दहा. एकीत अर्धी गोळी कुटून मिसळली, दुसरीत काही नाही. ओट्यावर खिडकीशी ठेवल्या. माझ्या मिस्टरांनी विचारलं, हे काय चाललंय? म्हटलं, शाळेचा प्रयोग. चौथ्या दिवशी पहिल्या बरणीतली गांडुळं कडांवर चढली. सहाव्या दिवशी तोच वास. दुसऱ्या बरणीत दहाची दहा खाली मजेत होती. मी आयुष्यात इतका नीट, इतका स्वच्छ पुरावा कधी गोळा केला नव्हता.

लगेच जाऊन सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. पुढच्या मे महिन्यात माझी निवृत्ती होती. सांगायचं म्हणजे गोळ्यांच्या अहवालावरची खोटी सही आधी सांगावी लागली असती, आणि पेन्शनच्या फाईलवर कोण काय शेरा मारील याचा नेम नाही. मी स्वतःला म्हणाले, निवृत्त झाल्यावर सांगू. कमल तेव्हा रोज सकाळी जीपमध्ये बसून मजुरीला जात होती. मी शाळेत जाताना फाट्यावर ती जीप मला दिसायची. मी डोकं पर्समध्ये घालायचे.

निरोप समारंभ झाला, साडी मिळाली, भाषणं झाली. त्यानंतरही मी सहा महिने घालवले. दिवाळी झाल्यावर एक दिवस एसटीनं गेले, फाट्यावर उतरले आणि गावात कोणाकडेही न थांबता वस्तीत कमलच्या घरी गेले. नऊ वर्षं त्या गावात नोकरी केली, पण तिच्या घरी पहिल्यांदाच जात होते. कापूस वेचून नुकतीच आली होती, बोटं चरचरून फाटलेली. तिनं खुर्ची पुसून दिली, चहा टाकला. मी चहा हातात घेऊन सगळं एका दमात सांगितलं. गोळ्या, डस्टर, पिंप, बरण्या.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला ठाव हाय मॅडम."

"कसं?"

"म्या पाहिलं व्हतं. त्या दिशी सालं घेऊन आल्ते. तुम्ही टेबलावर काहीतरी कुटून राह्यल्या व्हत्या. मंग पिंपात पुरलं. म्या दारातूनच माघारी गेले. म्हणलं, शिकलेल्या हायेत, किड्यांचं औषध आसंल."

मला कप खाली ठेवायला जागा सापडेना. "मग मीटिंगमध्ये का नाही सांगितलंस?"

"तुम्ही लिहून राह्यल्या व्हत्या ना समोर," ती म्हणाली. "म्हणलं आता मॅडम सांगतील. मंग सांगतील. तुम्ही सांगताल म्हणून म्या थांबले. आन् म्या बोलले असते तर मह्यावर कोन भरोसा ठेवणार व्हतं? तुम्ही ठेवला असता का?"

"नाही," मी म्हटलं. तिच्यापुढं एवढं तरी खरं बोलले.

आता काय करू, असं मी तिला विचारलं. तिला तिचं काम परत हवं होतं. पण त्याआधी एक हवं होतं. तिची पोरगी आरती तेव्हा तिसरीत होती, आणि शाळेत पोरं तिला 'गांडूळ मारणारीची' म्हणायची. "जिथं मला काढलं तिथं सांगा," कमल म्हणाली. "समद्यांपुढं."

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाला गावानं मला बोलावलं, निवृत्त मॅडम म्हणून. मी गेले. कमलला निरोप पाठवला होता, ती हापशाजवळ बायांच्या मागं आरतीचा हात धरून उभी होती. माईक हातात आला तेव्हा मी सगळं सांगितलं. अहवालावर खोटं लिहिलं, गोळ्या मी पुरल्या, गांडुळं माझ्यामुळे मेली, कमलनं काहीही केलेलं नव्हतं आणि तिला काढलं तो अन्याय होता. डब्यांचंही बोलणार होते. पण त्या घरांतली माणसं पहिल्या रांगेत खुर्च्यांवर बसली होती आणि त्यांच्याकडे पाहिल्यावर ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही.

बोलून संपलं तशा टाळ्या सुरू झाल्या. आधी खुर्च्यांवरून, मग पोरांच्या रांगांतून. मला वाटलं, टाळ्या कशासाठी? भानुदासराव उठले आणि माईक घेऊन म्हणाले, "मंडळी, चूक कबूल करायला वाघाचं काळीज लागतं. असे शिक्षक आता ऱ्हायले न्हाईत. हा मॅडमचा मोठेपणा हाय." कोणीतरी शाल आणली, ती आधीपासून आणून ठेवलेली होती. त्यांनी ती माझ्या खांद्यावर घातली, नारळ दिला, फोटो निघाले. मी त्यांच्या कानाशी म्हटलं, "कमलला कामावर परत घ्या. आजच ठराव करा."

"मॅडम, तो इषय आता संपला," ते हसऱ्या चेहऱ्यानंच म्हणाले, कारण फोटो चालू होता. "नव्या बाईंचं काम बराबर चालू हाय. त्यांना काय म्हणून काढायचं? त्यांनी काय गुन्हा केला?"

बाया माझ्या पाया पडायला येऊ लागल्या. एक जण म्हणाली, केवढं मन मोठं आहे तुमचं. कमलजवळ कोणी गेलं नाही. मीच गर्दीतून वाट काढत हापशाकडे गेले. आरती माझ्या हातातल्या नारळाकडे बघत होती.

"सांगितलं मी, कमल," मी म्हटलं. "सगळ्यांपुढं सांगितलं."

"ऐकलं ना," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर मला बरं वाटलं असतं. तिनं माझ्या खांद्यावरच्या शालीकडे पाहिलं आणि पदर सारखा केला. "पर मॅडम, ह्याच्यात बी तुमचंच नाव झालं."

मग ती आरतीला घेऊन निघाली. वेचणीची जीप फाट्यावर थांबलेली होती, आणि त्या दिवशी सुट्टी फक्त शाळेला होती.